गरम पाण्याची वाटी कोणासाठी होती?

एखाद्या गावात दलिताची दाढी करायला नकार मिळाला, अशी बातमी आली की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. पहिली : "आता कुठं राहिलंय असलं काही?" दुसरी : "मग घरी करावी ना दाढी! पाच-दहा रुपयांत रेझर मिळतो. एवढ्यासाठी पोलीस ठाणं कशाला?"

पहिल्या प्रतिक्रियेचं उत्तर या लेखाच्या शेवटाकडे येईल. खरी मुद्द्याची आहे ती दुसरी. कारण ती वरवर व्यवहारी वाटते, समजूतदार वाटते, आणि आपल्यातलेही काही शिकलेले लोक ती मान डोलावून ऐकून घेतात. मित्रांनो, "घरी करा" हा सल्ला आपल्याला कोणी नव्याने द्यायची गरज नाही. आपले बापजादे घरीच दाढी करत होते. प्रश्न असा आहे की ते घरी का करत होते, कशी करत होते आणि त्यासाठी लागणारं गरम पाणी, त्या पाण्याखालचं सरपण आणि त्या पाण्याची विहीर कोणाच्या ताब्यात होती. हा इतिहास लिहायचा तर नांदेड-लातूरच्या गावगाड्यापासून सुरुवात करावी लागते.

यादीत नाव, वाटीत वाटा नाही

गावगाड्याचं वर्णन करताना बारा बलुतेदारांची यादी मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार, मांग. गावोगाव यादीत थोडा फरक पडतो, पण न्हावी आणि महार बहुतेक ठिकाणी असतातच. सगळे एकमेकांची कामं करायचे, सुगीला धान्याचं बलुतं मिळायचं, कोणाचं काही अडत नव्हतं, असं ते गोड चित्र. या चित्राला एक साधा प्रश्न विचारा : महाराची दाढी कोण करत होतं?

महार गावाची राखण करत होता, सांगावे पोहोचवत होता, मेलेलं जनावर ओढत होता. त्याची सेवा साऱ्या गावाला चालत होती. मात्र गावातल्या इतर बलुतेदारांची सेवा त्याच्या वाट्याला येताना मध्येच विटाळ आडवा यायचा. परटाने त्याचे कपडे धुवायचे नाहीत. न्हाव्याने त्याच्या डोक्याला हात लावायचा नाही. म्हणजे बलुत्याची पद्धत परस्परांची होती हे अर्धसत्य आहे. देण्याच्या यादीत आपलं नाव होतं. घेण्याच्या यादीतून ते खोडलेलं होतं.

आता ही सेवा नेमकी काय होती ते बघू. न्हावी काखेत धोकटी मारून घरोघर जायचा. धोकटीत वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी, वस्तऱ्याला धार लावायचा दगड आणि चामड्याची पट्टी, तुरटीचा खडा, छोटा आरसा आणि पाण्याची एक लहान वाटी. ज्याच्या दारात बसायचं, त्याच्या चुलीवरचं पाणी त्या वाटीत यायचं. न्हाव्याने त्यात बोटं बुडवायची, गालावर पाणी चोळचोळून जिरवायचं आणि केस मऊ झाले की वस्तरा फिरवायचा. साबण पुढे आला. त्याआधी सगळी करामत पाण्याची आणि बोटांची. मराठीत "बिनपाण्याची हजामत" हा शब्दप्रयोग एखाद्याला पुरता सोलून काढण्यासाठी वापरतात, तो उगीच नाही. कोरड्या गालावर वस्तरा फिरला की काय होतं, हे ती भाषा बोलणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

हे पाणी तापायचं कशावर? लाकडावर. महारकीच्या कामांमध्ये सरपण आणणं आणि लाकडं फोडणं हे काम होतं. पाटलाच्या वाड्यावर आणि दौऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्याच्या मुक्कामावर ते करावं लागायचं. ब्रिटिश मुलखात या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल मांडलं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. त्या कौन्सिलचा कायदा नांदेडला लागू नव्हता आणि लातूरलाही नव्हता. लातूर तर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी. निजामी मराठवाड्यातल्या अस्पृश्यांना संघटित व्हायलाही वाट वाकडी करावी लागली. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने बाबासाहेबांची परिषद झाली, ती राज्याच्या अगदी सीमेवर.

तेव्हा हिशेब असा मांडा. लाकूड आपल्या माणसाने फोडलं. त्या लाकडावर पाणी तापलं. त्या पाण्याने वाड्यावरचा गाल मऊ झाला. आणि लाकूड फोडणाऱ्याचा गाल मात्र कोरडाच राहिला. जातीव्यवस्था समजून घ्यायला जाडजूड ग्रंथ लागत नाहीत. ही एक वाटी पुरते.

साताऱ्याची कात्री

कोणी म्हणेल, हा गरिबीचा प्रश्न असेल. न्हाव्याला द्यायला बलुतं नसेल, पैसा नसेल. या शंकेचं उत्तर बाबासाहेबांच्या बालपणातच आहे. रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले, पेन्शन मिळवणारे गृहस्थ. कुटुंब साताऱ्यात राहत होतं. साताऱ्यात न्हाव्यांची वाण नव्हती आणि सुभेदारांना न्हाव्याचे पैसेही जड नव्हते. तरी भीमरावाचे केस घरी थोरली बहीण कापायची, कारण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता. बाबासाहेबांनी ही आठवण स्वतः लिहून ठेवली आहे, आणि पैशाचं कारण नव्हतं हे तिथे मुद्दाम स्पष्ट केलं आहे.

हा तपशील फार महत्त्वाचा आहे. ज्या माणसाने पुढे देशाच्या राज्यघटनेचा मसुदा तयार केला, त्याने व्यवस्थेचा पहिला धडा शाळेच्या गोणपाटावर जसा घेतला, तसाच बहिणीच्या कात्रीखालीही घेतला. घरी केस कापणं हा त्या घराचा शौक नव्हता. ती बंद दारावरची पर्यायी वाट होती.

आणि केस-दाढीचा प्रश्न केवळ न्हाव्याच्या नकारापुरता नव्हता. नीटनेटकं दिसणं हाच आपल्यासाठी गुन्हा होता. डिसेंबर १९३० मध्ये तामिळ प्रांतातल्या रामनाड जिल्ह्यात कल्लर जातीने तिथल्या आदि-द्रविडांवर आठ बंदी-हुकूम लादले. सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत, सदरा-बंडी घालायची नाही, मातीशिवाय दुसरी भांडी वापरायची नाहीत, छत्री धरायची नाही, वहाणा घालायच्या नाहीत. त्याच यादीत होतं, केस कापून घ्यायचे नाहीत. हटन या जनगणना आयुक्ताने ही यादी नोंदवून ठेवली आहे. मराठवाड्यात कोणी असा आठ कलमी कागद काढायची गरजही पडली नाही. न्हाव्याला दम भरला की काम होत होतं.

म्हणून २५ डिसेंबर १९२७ च्या सुमारास महाडला जमलेल्या आपल्या मायबहिणींना बाबासाहेबांनी लुगडं कसं नेसावं, अंगावर कोणते दागिने घालू नयेत, स्वच्छ कसं राहावं हे सांगितलं, तेव्हा तो टापटिपीचा उपदेश नव्हता. अंगावर बळेच लावलेली जातीची खूण पुसून टाकण्याचा तो कार्यक्रम होता. बाबासाहेबांचा स्वतःचा चेहरा आठवा. गुळगुळीत दाढी, नीट विंचरलेले केस, इस्त्रीचा कोट. वस्तीवस्तीतल्या भिंतीवरच्या फोटोतला तो चेहरा बघत आपल्या दोन पिढ्या आरशासमोर उभ्या राहिल्या.

दोष वस्तऱ्याचा की मुठीचा?

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण आपल्या चळवळीत कधीकधी रागाच्या भरात तिचा विसर पडतो. हा लेख नाभिक समाजाविरुद्ध नाही.

न्हाव्याचं पोट गावावर होतं. सुगीला त्याला धान्य कोण द्यायचं? जमीन ज्याच्या ताब्यात होती तो. वस्तीत जाऊन एकाची दाढी केली तर उद्यापासून वाड्यावरचं बोलावणं बंद, खळ्यावरचं माप बंद. म्हणजे वस्तरा न्हाव्याच्या हातात होता, पण हात धरणारी मूठ दुसऱ्याची होती. या कारागिराला स्वतःलाही खालचंच मानलं जात होतं. सकाळी त्याचं तोंड दिसलं तर अपशकुन, आणि लग्नात मात्र त्याच्याशिवाय पान हलत नाही, अशी त्याची अवस्था.

आणि न्हाव्याने ठरवलं तर वस्तरा खाली ठेवता येतो, याचा पुरावा महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन करणार नाही असा निर्धार झाला. ज्या समाजाचा वस्तरा धर्माच्या नावाखाली विधवेच्या डोक्यावर फिरवला जात होता, त्यानेच तो फिरवायला नकार दिला. तो नकार आणि आपल्याला मिळालेला नकार, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिला नकार माणुसकीसाठी होता. दुसरा दडपणाखालचा होता.

त्याहून मागे जा. भगवान बुद्धांच्या संघात शाक्य राजपुत्रांसोबत उपाली हा त्यांचा न्हावी आला. राजपुत्रांचा अभिमान गळावा म्हणून उपालीला आधी दीक्षा दिली गेली, आणि राजपुत्रांना त्याला वंदन करावं लागलं. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचं पठण याच उपालीने केलं. बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात उपालीच्या दीक्षेला जागा दिली आहे. आणि नांदेडकरांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावं. ज्या गुरू गोविंदसिंगांचं अखेरचं वास्तव्य गोदाकाठी नांदेडला झालं, त्यांच्या १६९९ च्या पंजप्याऱ्यांपैकी साहिबचंद म्हणजेच भाई साहिबसिंग हे परंपरेनुसार आपल्या शेजारच्या बिदरचे न्हावी. ज्यांनी समतेचा मार्ग धरला, त्यांनी न्हाव्याला मानाचं पान दिलं. ज्यांनी विषमतेचा धरला, त्यांनी त्याला नकाराचं हत्यार बनवलं.

घरातला फेस

मग वस्तीने काय केलं? हातावर हात धरून बसली नाही. वस्तीतलाच एखादा हात वस्तरा धरायला शिकला. भावाने भावाची केली, मेव्हण्याने मेव्हण्याची. सरळ वस्तऱ्याने स्वतःची दाढी करणं सोपं नाही. हात जरा हलला की गाल कापला. म्हणून पहिला खरा बदल घडवला तो सुरक्षित रेझरने. किंग जिलेट या अमेरिकन माणसाला पातळ, फेकून देता येणाऱ्या पात्याच्या रेझरचं पेटंट १९०४ साली मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना हे रेझर लाखोंनी वाटले गेले, आणि युद्धावरून परतलेला माणूस घरीच दाढी करू लागला.

पाश्चात्त्य पुरुषासाठी हा रेझर सोय होती. सकाळची वेळ वाचली, न्हाव्याचे पैसे वाचले. आपल्यासाठी त्याचा अर्थ वेगळा होता. ज्या कामासाठी गावाच्या मर्जीची गरज होती, ते काम आता बंद दाराआड, गावाला न विचारता होऊ लागलं. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. फौजेत रोज दाढी ही शिस्त. पलटणीत नोकरी, रेल्वेत नोकरी, गिरणीत नोकरी, अशा वाटांनी मग, ब्रश आणि रेझर आपल्या घरांत आले. मनमाड-हैदराबाद लोहमार्गामुळे आणि उस्मानशाही गिरणीमुळे नांदेड हे कामगारांचं शहर झालं होतं. शहरातल्या सलूनच्या खुर्चीत बसताना गावातल्यासारखी ओळख सांगावी लागत नव्हती. बाबासाहेब खेडं सोडा म्हणत होते, त्यात ही खुर्चीही होती.

पण ज्यांना खेडं सोडता आलं नाही, त्यांच्यासाठी प्रश्न राहिला, तो गरम पाण्याचा आणि फेसाचा. रेझर विकत मिळतो. पाणी आणि सरपण विकत मिळत नव्हतं. इथे थोडं शास्त्र सांगतो, कारण आपल्या पोरांनी हेही शिकलं पाहिजे.

दाढीचा केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा असताना तो चिवट असतो. दोन-तीन मिनिटं पाणी पिऊ दिलं की फुगतो, नरम होतो आणि पात्याला बराच कमी जोर लागतो. पाणी कोमट असेल तर हे लवकर होतं आणि गालावरचं तेलही सुटतं. साबणाच्या फेसाचं काम दुहेरी : ते पाणी केसाजवळ धरून ठेवायचं आणि पातं घसरतं ठेवायचं. अडचण अशी की फेस म्हणजे बहुतांश हवा. त्यात पाणी थोडं, म्हणून त्यात उष्णताही थोडी. गालावर पसरला की क्षणात गार होतो. त्यामुळे फेस गरम ठेवायचा म्हणजे खरं तर भांडं आणि ब्रश गरम ठेवायचा.

त्याची रीत साधी आहे, आणि चूल असलेल्या कोणत्याही घरात जमते. एका मोठ्या वाडग्यात किंवा पातेल्यात हाताला सोसेल त्याहून जरा जास्त गरम पाणी घ्या. त्यात छोटी पितळी किंवा स्टीलची वाटी ठेवा. पाणी वाटीच्या निम्म्यापर्यंत यावं, आत सांडू नये. ब्रश आधी पाच मिनिटं त्याच पाण्यात बुडवून ठेवा, मग झटका. वाटीत साबण, वर चमचाभर गरम पाणी, आणि ब्रश गोल फिरवत राहा. फेस दाट, सायीसारखा झाला की थांबा. वाटी बाहेर काढू नका. पहिला हात झाल्यावर दुसऱ्या हातासाठी फेस तसाच कोमट मिळतो. वर झाकणी ठेवली तर आणखी टिकतो. पितळ-स्टील लवकर तापतं, म्हणून ते पाण्यात ठेवायला चांगलं. बाहेर ठेवायचं असेल तर मातीचं किंवा चिनी मातीचं जाड भांडं आधी उकळत्या पाण्याने तापवून घ्या, ते ऊब धरून ठेवतं. आजकालचा दुहेरी भिंतीचा स्टीलचा ग्लासही तेच काम करतो. पाणी फार कढत मात्र नको. त्याने फेस बसतो आणि कातडी भाजते. फेस लावण्याआधी गरम पाण्यात पिळलेलं फडकं दोन मिनिटं गालावर धरा. शेवटी गार पाणी आणि तुरटी.

मराठवाड्यासाठी आणखी एक गोष्ट. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून चिकट मळी करतात आणि फेस होत नाही. यातले काही क्षार पाणी उकळल्यावर तळाशी बसतात. म्हणून खळखळ उकळून, निवळू देऊन, वरचं पाणी घेतलं की त्याच साबणाचा फेस जास्त होतो. म्हणजे जड पाण्याच्या गावात तापवलेलं पाणी ही चैन नाही. त्याशिवाय साबण काम करत नाही.

आता या रीतीकडे इतिहासाच्या नजरेने बघा. लागतं काय? तांब्याभर पाणी, दोन काटक्या, एक वाटी, साबणाची वडी. तांब्याभर पाणी म्हणाल तर गावच्या विहिरीवर आपल्याला जाता येत नव्हतं. चवदार तळ्याचा संग्राम तेवढ्यासाठीच झाला. काटक्या म्हणाल तर त्या आधी वाड्यावर पोहोचवायच्या होत्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा साऱ्या देशाने लातूरच्या तहानेची बातमी वाचली. आपल्या वस्त्यांनी ती तहान दुष्काळ नसतानाही पिढ्यान्‌पिढ्या भोगली होती. "घरी करा ना" म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं की ते घरही गावानेच कोरडं ठेवलं होतं.

"दुकान" या शब्दाचा अर्थ

साताऱ्यात बहिणीकडून केस कापून घेणारा तो मुलगा २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत उभा होता. त्या दिवशी आजचं कलम १५ आणि अस्पृश्यता नष्ट करणारं आजचं कलम १७, दोन्ही चर्चेला आली आणि मंजूर झाली. कलम १५ मध्ये दुकानांत प्रवेशाचा हक्क आहे. "दुकान" म्हणजे काय, त्यात सेवा देणारे येतात का, हा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी खुलासा केला की हा शब्द केवळ आत पाऊल टाकण्यापुरता वापरलेला नाही. जो कोणी आपली सेवा लोकांना देऊ करतो, त्याची सेवा ठरलेल्या अटींवर मागता येणं, असा त्याचा व्यापक अर्थ आहे. सलूनच्या दारात उभं राहू देणं पुरेसं नाही. खुर्ची आणि वाटीसुद्धा द्यावी लागेल, हा त्याचा सरळ अर्थ.

त्याआधीही कायदे झाले होते. मुंबई प्रांतात १९४६ चा हरिजन सामाजिक अपात्रता निवारण कायदा होता. पोलीस कारवाईनंतर हैदराबाद राज्यातही फसली सन १३५८ मध्ये, म्हणजे १९४८-४९ च्या सुमारास, तशाच नावाचा नियम आला. १ जून १९५५ पासून संपूर्ण देशासाठी अस्पृश्यता (अपराध) कायदा अमलात आला. १९७६ साली तो कडक होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा झाला.

या कायद्याचं कलम ६ प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावं असं आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला सेवा नाकारणं हा गुन्हा तर आहेच. शिवाय इतरांना ज्या वेळी, ज्या जागी, ज्या अटींवर सेवा मिळते, त्याच वेळी, त्याच जागी, त्याच अटींवर ती न देणं हाही गुन्हा आहे. म्हणजे "तुमच्यासाठी वेगळी वाटी", "तुमच्यासाठी वेगळा वस्तरा", "तुम्ही दुकान बंद व्हायच्या वेळी या" हे सगळं कलम ६ मध्ये बसतं. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. कलम १२ त्याहून मोलाचं आहे. पीडित अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झालं असं न्यायालय गृहीत धरतं, आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर जाते. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कारही गुन्हा ठरला.

मग आज काय?

आता पहिल्या प्रतिक्रियेकडे येऊ. "आता कुठं राहिलंय?"

२००१-०२ साली ११ राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी झाली. महाराष्ट्र त्यात होता. घनश्याम शहा, हर्ष मंदर, सुखदेव थोरात आदींनी तिच्यावर लिहिलेला ग्रंथ २००६ साली आला. जवळपास निम्म्या गावांत दलितांना न्हाव्याची सेवा नाकारली जात होती. घटना लागू होऊन तेव्हा ५० वर्षं उलटून गेली होती.

मराठवाड्यात या नकाराला आणखी एक धार आहे. इथे बहिष्कार हा आपण हक्क मागितल्याची शिक्षा म्हणून येतो. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटवला गेला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे आणि सुगावला जनार्दन मवाडे यांचे जीव घेतले गेले. जिथे रक्त सांडलं नाही तिथेही कामं बंद झाली, दुकानं बंद झाली, वाटा बंद झाल्या. २०२२ च्या सुरुवातीला लातूर जिल्ह्यात निलंगा तालुक्यातल्या ताडमुगळीत देवळाच्या कारणावरून दलितांवर बहिष्कार टाकल्याच्या बातम्या आल्या. काळ बदलला, हत्यार तेच. किराणा, गिरणी, सलून. जी सेवा रोज लागते तीच थांबवायची, म्हणजे न मारता माणूस वाकतो.

म्हणूनच "घरी करा" हा सल्ला धोक्याचा आहे. एकदा दाढी घरी करा म्हणून मान्य केलं की उद्या दळण घरी दळा, परवा किराणा शहरातून आणा, तेरवा पाणी टँकरने घ्या. बहिष्कार टाकणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. आपणच त्याची सोय करून देतो.

याचा अर्थ घरी दाढी करू नये असा नाही. जरूर करावी. वर सांगितलेल्या रीतीने थंडीत कोमट फेस करून निवांत करावी, ज्याला आवडते त्याने. स्वावलंबन ही आपली ताकद आहे. बाबासाहेबांच्या बहिणीची कात्री ही त्याचीच खूण. पण स्वावलंबन आणि हक्क यांची अदलाबदल होऊ देऊ नका. घरात वाटी असणं ही माझी मर्जी. सलूनमधली वाटी हा माझा हक्क. मर्जी आहे म्हणून हक्क सोडायचा नसतो.

तरुणांना सांगणं एवढंच. नकार मिळाला तर भांडू नका, हात उगारू नका. दिनांक, वेळ, दुकान, हजर माणसं लिहून ठेवा. त्याच वेळी दुसऱ्या कोणाची दाढी होत होती हे टिपून ठेवा, कारण कलम ६ तिथेच लागतं. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. तक्रारीत कारागिरामागे कोणाचं दडपण आहे तेही लिहा, कारण खरा आरोपी अनेकदा दुकानाबाहेरच्या पारावर बसलेला असतो. आणि जमलं तर नाभिक समाजातल्या तरुणांशी आधी बोला. त्यांना लोखंडे सांगा, उपाली सांगा. दडपण त्यांच्यावरही आहे. ते एकट्याने झुगारता येत नाही. दोघांनी मिळून झुगारता येतं.

ज्यांच्या हातच्या लाकडाने हे पाणी तापलं, त्यांनी त्या पाण्यात आपला वाटा मागणं ही भीक नाही. ती थकबाकी आहे.

जय भीम!